सगळे लॉट विकले गेले, त्याचा अर्थ काय? सॅफ्रनआर्टच्या लिलावसेवेचे परीक्षण

२७ सप्टेंबर २०२५ रोजी सॅफ्रनआर्ट या लिलावगृहाने दिल्लीत घेतलेल्या लिलावात चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे शीर्षकविरहित चित्र ६७ कोटी ८ लाख रुपयांना विकले गेले, एकही लॉट, म्हणजे विक्रीला ठेवलेली एकही कलाकृती, बोलीविना परत गेली नाही आणि त्या एका संध्याकाळची एकूण विक्री ३५५ कोटी ७७ लाखांवर पोहोचली. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांनी यातून भारतीय कलाबाजाराचा आत्मविश्वास शिगेला पोहोचल्याचा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष कितपत खरा आहे आणि तो पडताळण्यासाठी हे लिलावगृह सामान्य कलारसिकाच्या हाती काय देते, हे पाहणे हा या परीक्षणाचा हेतू आहे. मी या लिलावगृहाचे प्रिव्ह्यू, म्हणजे लिलावाआधीची प्रदर्शने, बऱ्याच वर्षांपासून पाहत आलो आहे आणि कागदावरच्या लहान कामांसाठी क्वचित बोलीही लावतो. कोट्यवधींच्या चित्रांशी माझा संबंध केवळ प्रेक्षकाचा आहे, हे आधीच नमूद केलेले बरे.

मीनल आणि दिनेश वझिरानी यांनी २००० साली सुरू केलेल्या या संस्थेचे मुख्य ठाणे मुंबईत प्रभादेवीला, अप्पासाहेब मराठे मार्गावर आहे. ऑनलाइन बोली ही कल्पना जगभरच नवखी होती त्या काळात त्यांनी तिच्यावर भिस्त ठेवली, आणि आज जी सेवा मला सर्वांत मोलाची वाटते तीही त्याच निर्णयातून आलेली आहे. विनामूल्य नोंदणी केलेल्या कोणालाही मागील लिलावांचे निकाल चित्रागणिक पाहता येतात. एखाद्या चित्रकाराचे नाव टाकले, की कोणते काम कोणत्या वर्षी कितीला गेले, अंदाजित किंमत काय होती, चित्र आधी कोणाकडे होते आणि कुठे प्रदर्शित झाले होते, हे सगळे समोर येते. खासगी दालनांत किंमत विचारली तर आधी विचारणाऱ्याचे कपडे पाहिले जातात, असा अनुभव ज्यांनी घेतला असेल त्यांना या उघडेपणाची किंमत वेगळी सांगायला नको.

मात्र हे निकाल वाचताना एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. जाहीर होणाऱ्या किमतीत प्रीमियम, म्हणजे लिलावगृह अंतिम बोलीवर खरेदीदाराकडून घेते ते शुल्क, धरलेला असतो, तर अंदाजित किमतीत तो धरलेला नसतो. २ एप्रिल २०२५ च्या लिलावात तैयब मेहता यांचे ‘ट्रस्ड बुल’, म्हणजे पाय बांधून जखडलेल्या बैलाचे १९५६ सालचे चित्र, ६१ कोटी ८० लाखांना गेले. अंदाज होता ५ ते ७ कोटींचा. वरच्या अंदाजाच्या जवळजवळ नऊपट किंमत आली, असे सर्वत्र छापून आले. प्रत्यक्षात त्या आकड्यातून अंतिम बोलीवरचा २० टक्के प्रीमियम वजा केला तर हातोडा, म्हणजे शेवटची बोली, ५१ कोटी ५० लाखांवर पडलेला दिसतो, म्हणजे वरच्या अंदाजाच्या सुमारे सव्वासातपट. सव्वासातपट हाही थक्क करणारा निकाल आहे, आणि तेवढ्यासाठी नऊपट लिहिण्याची गरज नव्हती.

दोन लिलावगृहांची तुलना करताना हा घोळ आणखी वाढतो. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी पंडोल्स या लिलावगृहाच्या मुंबईतील लिलावात सय्यद हैदर रझा यांचे ‘जेस्टेशन’ ५१ कोटी ७५ लाखांना गेले आणि तीन आठवड्यांच्या आत, १६ सप्टेंबर रोजी, सॅफ्रनआर्टच्या दिल्लीतील लिलावात अमृता शेरगिल यांच्या १९३७ सालच्या ‘द स्टोरी टेलर’ने ६१ कोटी ८० लाखांचा पल्ला गाठला. कागदावर हा फरक दहा कोटींचा आहे. पण पंडोल्सचा प्रीमियम १५ टक्के धरला तर रझांच्या चित्रावर हातोडा ४५ कोटींवर पडला होता, आणि शेरगिल यांच्या चित्रावर ५१ कोटी ५० लाखांवर. म्हणजे बोलीतला खरा फरक साडेसहा कोटींचा, उरलेला साडेतीन कोटींहून अधिक भाग निव्वळ शुल्काच्या दरांतून आलेला. विक्रम मोडला हे खरेच, पण किती मोडला हे पाहायचे असेल तर हातोड्याची किंमत हाच मापदंड हवा, आणि ती किंमत ठळकपणे वेगळी दाखवण्याची प्रथा आपल्याकडील लिलावगृहांनी अजून स्वीकारलेली नाही. या सेवेतली ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते.

लहान खरेदीदारालाही हाच हिशेब करावा लागतो. समजा, कागदावरच्या एखाद्या जलरंगातील चित्रावर तुमची बोली २ लाखांवर टिकली. त्यावर २० टक्के प्रीमियमचे ४० हजार, चित्रावरील ५ टक्के जीएसटीचे १० हजार आणि प्रीमियम ही सेवा असल्याने तिच्यावरील १८ टक्के जीएसटीचे ७ हजार २०० रुपये धरले, तर चित्र २ लाख ५७ हजार २०० रुपयांना पडते. वाहतूक आणि चौकट निराळी. बोली लावण्याआधी हा आकडा कागदावर मांडून ठेवावा, कारण घड्याळाचे शेवटचे काटे सरकत असताना, आणि शेवटच्या क्षणी आलेल्या बोलीमुळे मुदत पुन्हा पुढे जात असताना, डोके शांत राहत नाही.

करांचा हा मुद्दा सप्टेंबरच्या त्या निकालालाही लागू पडतो, आणि त्याची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. कलाकृतींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि लिलाव झाला त्यानंतर पाचच दिवसांनी. गायतोंडे यांच्या चित्रावर हातोडा ५५ कोटी ९० लाखांवर पडला, असे प्रीमियम वजा करून निघते. त्यावरील ७ टक्के म्हणजे सुमारे ३ कोटी ९१ लाख रुपये. आधीच्या दराने तेवढी रक्कम करापोटी अधिक गेली असती. ती वाचत असेल तर खरेदीदार बोलीत थोडा अधिक सैल होतो, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. त्या संध्याकाळच्या उत्साहातला काही वाटा बाजाराच्या आत्मविश्वासाचा आणि काही वाटा स्वस्त झालेल्या कराचा, असेच म्हणावे लागेल.

रुपया आणि डॉलर यांतला फरक ही हे आकडे पडताळण्याची आणखी एक गाळणी आहे. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या आंतरराष्ट्रीय लिलावगृहाने मुंबईतल्या ताजमहाल हॉटेलात आपला पहिला भारतीय लिलाव घेतला तेव्हा गायतोंडे यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना, म्हणजे सुमारे ३८ लाख डॉलरना गेले होते. २०२५ मधील चित्राची किंमत सुमारे ७५ लाख डॉलर होते. चित्रे वेगळी, त्यामुळे तुलना ढोबळच, परंतु रुपयांत जवळजवळ तिपटीने वाढलेला आकडा डॉलरमध्ये बारा वर्षांत दुप्पटच भरतो. गायतोंडे ही सोन्यापेक्षा चांगली गुंतवणूक आहे, असे सांगणाऱ्या सल्लागारांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

प्रिव्ह्यूबद्दल मात्र माझी तक्रार नाही. लिलावाआधी चित्रे सर्वांना विनामूल्य पाहता येतात, कोणी हटकत नाही, आणि एरवी खासगी भिंतींवर दडलेली कामे काही दिवसांपुरती का होईना सार्वजनिक होतात. गायतोंडे यांच्या चित्रांच्या बाबतीत तर पडद्यावर पाहणे आणि समोर उभे राहणे यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. रोलरने रंग चढवायचा, सुरीने खरवडायचा, पुन्हा चढवायचा, या त्यांच्या पद्धतीमुळे पृष्ठभागावर जी खोली येते ती फोनवर सपाट होऊन जाते. चित्रासमोरून न पाहता भिंतीलगत उभे राहून कडेने पाहिले, की कुठे रंगाचा थर कातळासारखा उंचावला आहे आणि कुठे तो इतका पातळ आहे की कॅनव्हासची वीण दिसते, हे कळते. याच कोनातून रंगात गेलेल्या केसासारख्या भेगाही दिसतात. नंतर कोणी भरलेला रंग असा डोळ्यांनी सहज ओळखता येत नाही; अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली तो काळसर उमटतो, आणि त्यासाठी कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या स्थितीचा अहवाल, मागवावा लागतो.

आता मूळ प्रश्न, बाजाराच्या आत्मविश्वासाचा. सगळे लॉट विकले जाणे हे चांगलेच लक्षण आहे, परंतु त्याचा अर्थ निवड उत्तम झाली आणि राखीव किमती, म्हणजे ज्यांच्या खाली चित्र विकायचे नाही त्या किमती, विक्रेत्यांनी शहाणपणाने ठेवल्या, एवढाच होतो. लिलावाच्या धंद्यात विक्रीआधी मागे घेतलेले लॉट या शंभर टक्क्यांत मोजले जात नाहीत, हेही ध्यानात असावे. या विशिष्ट लिलावात तसे घडले, असे मला सुचवायचे नाही. अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे तो बोली लावणारे हात किती, हा. जून २०१० मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात रझांचे ‘सौराष्ट्र’ सोळा कोटींहून अधिक किमतीला गेले, ते दिल्लीच्या किरण नाडर कलासंग्रहालयाकडे. १९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कला क्रिस्टीजनेच मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’ १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले, तेही त्याच संग्रहालयाकडे. अंदाज होता २५ ते ३५ लाख डॉलरचा. जवळजवळ चौदा फूट लांबीचे, अनेक चौकटींत गावाचे जगणे मांडणारे हे चित्र एका डॉक्टरने दिल्लीहून नेले आणि पुढे ते ओस्लोच्या रुग्णालयाकडे आले; पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकाराचे हे काम दशकानुदशके नॉर्वेच्या भिंतीवर होते. ते भारतात परत आले याचा आनंद आहेच. पण एकाच संस्थेने पंधरा वर्षांच्या अंतराने दोन विक्रम घडवावेत, यातून बाजाराची ताकद जितकी दिसते तितकीच त्याची अरुंद वाटही दिसते.

२००८ च्या मंदीत हे आपण पाहिले आहे. तोपर्यंत हयात, तरुण चित्रकारांच्या किमती महिन्यागणिक वाढत होत्या आणि चित्रांत पैसा गुंतवणारे निधीही निघाले होते. मंदी आली आणि सर्वांत आधी याच किमती कोसळल्या. दोन वर्षांत सावरले ते रझा, तैयब, सूझा, हुसेन, गायतोंडे हे मोजके. तेव्हापासून पैसा या मंडळींकडेच वळत राहिला आहे. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शेरगिल, रविवर्मा, जामिनी रॉय अशा नऊ चित्रकारांची भारतात असलेली कामे देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे त्या कामांचा भाव देशातल्या देशातच ठरतो.

मराठी वाचकाला यात एक गोष्ट बोचल्यावाचून राहू नये. गायतोंडे गिरगावच्या चाळीत राहिले, जे.जे. कलाशाळेत शिकले, चित्रकार प्रभाकर बरवे त्याच जे.जे.चे. वस्तू, आकार आणि अवकाश यांवर बरव्यांनी जे काम केले त्याची तोलामोलाने चर्चा जाणकार करतात, पण लिलावांच्या यादीत त्यांची किंमत गायतोंड्यांच्या जवळपासही फिरकत नाही. प्रभाकर कोलते यांच्याबद्दलही हेच म्हणता येईल. याचा दोष लिलावगृहाला देणे योग्य नाही. ते मागणीमागे जाते. पण कॅटलॉगमधील दीर्घ टिपणे ठरावीक नावांनाच मिळत राहिली तर मागणी तरी बदलणार कशी? सॅफ्रनआर्टच्या टिपणांचा दर्जा चांगला असतो, संदर्भ नेमके असतात, त्यामुळेच ही अपेक्षा त्यांच्याकडून करावीशी वाटते.

सेवेच्या व्यवहाराबद्दल थोडे. मुंबईतील एका लिलावगृहाकडे (नाव येथे घेत नाही) मी एका लहान रेखाचित्राचा कंडिशन रिपोर्ट मागितला, तेव्हा लिलाव बंद होण्याच्या काही तास आधी ‘स्थिती वयोमानानुसार चांगली’ एवढ्या एका ओळीत उत्तर आले. कागदावर तपकिरी डाग आहेत की नाहीत, चौकटीमागे आम्लयुक्त पुठ्ठा आहे का, याबद्दल अवाक्षर नव्हते. कोट्यवधींच्या चित्राला पानभर अहवाल आणि पन्नास हजारांच्या कामाला एक ओळ, हा भेद मोठ्या-छोट्या सर्वच घरांत कमीअधिक जाणवतो. जो माणूस आयुष्यातले पहिले चित्र घेत असतो त्याला अहवालाची गरज संग्राहकापेक्षा जास्त असते, कारण त्याच्या हाताशी तज्ज्ञ नसतो.

तेव्हा लिलावाचे निकाल अभ्यासायचे असतील, किमतींचा इतिहास पाहायचा असेल किंवा उत्तम चित्रे फुकट पाहायची असतील, तर सॅफ्रनआर्टची सेवा आज देशात सर्वांत सोयीची आहे, असे माझे मत आहे. मुंबईत बॅलार्ड इस्टेटला पंडोल्सचे प्रिव्ह्यू तुलनेने शांत असतात आणि जुन्या संग्रहांतील कामे तिथे अधिक भेटतात; दोन्ही पाहावीत. विकत घ्यायचे असेल तर कमी किमतीच्या, राखीव किमतीविना होणाऱ्या ऑनलाइन लिलावांपासून सुरुवात करावी, रिपोर्ट आठवडाभर आधी लेखी मागावा, चौकटीच्या मागच्या बाजूचे छायाचित्र आवर्जून मागवावे, कारण जुन्या दालनांची लेबले आणि प्रदर्शनांचे शिक्के तिथेच असतात, आणि उत्तर एका ओळीत आले तर ते चित्र दुसऱ्याला घेऊ द्यावे.