एक्झॉस्ट पाईप घरी कापायला काय घ्यावं – आठ महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

पेडण्यात राहतो, समुद्र जवळ, गाडी बारा वर्षांची. गेल्या पावसाळ्यात मागचा सायलेन्सर जोडापाशी सडला आणि गाडी ट्रॅक्टरसारखी वाजायला लागली. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर, गॅरेजवाले सगळे बिझी, एकाने तर पुढून मागपर्यंत अख्खी लाईन बदलायला सांगितली. खाली वाकून बघितलं तर कुजलाय फक्त मागचा डबा, मधला पाईप ठणठणीत. मग ठरवलं की आपणच कापायचा आणि नवीन डबा स्लीव्ह (जोडावर चढवायची नळी) नि क्लॅम्प लावून बसवायचा. तेव्हापासून तीन गाड्यांचे पाईप कापून झाले, माझा, मेव्हण्याचा आणि शेजारच्या काकांचा, म्हणून आता खात्रीने लिहितोय.

आधी पाईप का सडतो ते सांगतो, कारण कुठे कापायचं हे त्यावर ठरतं. खारा वारा बाहेरून खातोच, पण जास्त नुकसान आतून होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, आणि गाडी रोज चार-पाच किलोमीटरच फिरत असेल तर मागचा डबा पुरता तापतच नाही, ती वाफ तिथेच थंड होऊन साचते. म्हणून डबा आधी जातो. कापायच्या आधी स्क्रू-ड्रायव्हरने पाईप ठोकत मागून पुढे जा, आवाज टणक आला की त्याच्या पुढे दोन बोटं सोडून खूण करा.

पहिल्यांदा घेतला ४ इंची ग्राइंडर आणि १ मिमी जाडीची १०५ मिमीची कटिंग चाकं. पाईपची भिंत जेमतेम १.२ ते १.५ मिमी, माझ्या गाडीचा पाईप बाहेरून ४२ मिमी, त्यामुळे चाक लोण्यासारखं जातं. पण चाक १०५ चं असलं तरी मधली चकती नि गिअरचं डोकं वजा जाता आत शिरतं ३० मिमीच्या आसपास, म्हणजे एका बाजूने अख्खा पाईप कापलाच जात नाही, फिरवून घ्यावं लागतं. आणि वरच्या बाजूला फ्लोअर इतका जवळ की ग्राइंडरचं डोकं गार्डसकट (चाकावरच्या झाकणासकट) तिथे मावतच नाही. गार्ड काढून प्रयत्न करणारे लोक मी बघितलेत, कृपा करून करू नका. माझं एक चाक शेवटच्या घासाला फुटलंय. पाईप खाली लोंबला, काप मिटला, चाक चिमटलं आणि फाटकन आवाज होऊन एक तुकडा फेस शील्डवर येऊन आदळला, तो ओरखडा अजून आहे त्यावर. त्या दिवशी नुसता चष्मा असता तर गाल गेला असता. आता कापायच्या दोन्ही बाजूंना पाईपखाली लाकडाचे ठोकळे लावल्याशिवाय मी स्विच दाबत नाही.

चाकांचं अजून एक, गोव्यात हे फार महत्त्वाचं. ती रेझिनने बांधलेली असतात, दमट हवेत कमकुवत होतात. मधल्या लोखंडी रिंगवर एक्सपायरी छापलेली असते, बनल्यापासून साधारण तीन वर्षं, दुकानात ती बघूनच घ्या. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो.

आता ज्याच्यावर माझा खरा जीव बसलाय ते, साधा हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची हातकरवत. सुरुवातीला घरातलं १८ दात्यांचं ब्लेड लावलं आणि दहा मिनिटांत दाते गेले. कारण नंतर कळलं, इंचाला १८ म्हणजे दोन दात्यांत १.४ मिमी अंतर, पाईपची भिंत बरोबर त्या खाचेत जाऊन अडकते आणि दाता तुटतो. २४ चं बायमेटल (दोन धातू जोडून केलेलं) ब्लेड आणल्यावर फरक जाणवला, ३२ चं तर अजून गुळगुळीत जातं, फक्त हळू. घाई करायची नाही, मिनिटाला ४०-५० फेऱ्या पुरे, थोडं मशीन ऑइल. जिथे फ्रेम हलवायला जागा नाही तिथे ब्लेड काढून एका टोकाला चिंधी नि टेप गुंडाळून नुसतं हातात धरायचं, दाते आपल्याकडे करून, म्हणजे ओढताना कापतं. फ्लोअरखालचा तो वरचा भाग मी तिन्ही गाड्यांना असाच कापला. ग्राइंडरने खालून नि बाजूंनी, वर ब्लेडने. पेट्रोलची टाकी, इंधनाची नळी किंवा हँडब्रेकची केबल जवळ असेल तर ग्राइंडर बाहेरच काढू नका, ठिणग्या कुठवर जातात त्याचा भरवसा नाही, सगळं काम ब्लेडने करा, वीस मिनिटं जास्त लागतील.

साखळीवाला पाईप कटरही आणून बघितला. नव्या पाईपवर छान चालतो, ठिणगी नाही, आवाज नाही. पण काकांच्या गंजलेल्या पाईपवर आवळला तर पाईपच चेपला, मग स्लीव्ह बसेना, पुन्हा चार इंच पुढे कापावं लागलं. रेसिप्रोकेटिंग सॉ (ब्लेड पुढे-मागे हलवणारी विजेची करवत) मेव्हण्याने आठवडाभर दिला होता, दमदार मशीन, पण पाईप रबरी हँगरवर लटकलेला असतो तो ब्लेडबरोबरच नाचतो, एकाने धरून बसावं लागतं. वर्षातून एक-दोनदा कापायचं असेल तर तेवढे पैसे घालू नका.

काप सरळ यायला जुन्या कॅलेंडरच्या जाड पानाची पट्टी पाईपभोवती गुंडाळायची, कडा कडेवर बसली की रेघ काटकोनात येते. कापल्यावर आतला बर (कापताना राहिलेली धारदार कड) फाईलने काढा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, दोन स्टँड लावायचेच, आणि पाईप पूर्ण थंड असताना. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा पुढचा डबा) नि सेन्सरच्या भागाला हात लावू नका, त्याच्या मागेच कापा. आणि आवाज वाढवायला सायलेन्सर उडवणार असाल तर मोटार वाहन नियम १२० प्रमाणे सायलेन्सर सक्तीचा आहे, आणि शेजारी म्हातारी माणसं झोपलेली असतात.

माझा जोड मागच्या भाद्रपदापासून टिकून आहे, एकदाच क्लॅम्पचे नट पुन्हा आवळले, गाडी गरम होऊन गार झाल्यावर पहिल्या आठवड्यात ते सैल होतात.