उंची 6 फूट 5 इंच, वय 17: रेल्वेची ट्रायल की अमेरिकेतलं कॉलेज?

मुलगा किंवा मुलगी अकरावीत आहे, राज्याच्या ज्युनियर संघातून खेळून झालंय आणि घरात एकच खल चाललाय: बास्केटबॉलवर पोट भरायचं तर कुठून? महाराष्ट्रातल्या खेळाडूपुढे खरे रस्ते तीन: स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी, अमेरिकेतल्या कॉलेजची शिष्यवृत्ती आणि थेट परदेशातला व्यावसायिक क्लब. तुलना बहुतेक घरांत पैशांवरून सुरू होते. आमच्या मते ती आधी मुदतीवरून करावी, कारण हे दरवाजे एकाच वेळी बंद होत नाहीत.

तिसऱ्या रस्त्याचं आधी आटपून घेऊ. 2015 साली एनबीए या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सतनाम सिंगला डॅलस मॅव्हरिक्स संघाने 52 व्या क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या फेरीत निवडलं, पण एनबीएच्या नियमित हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. एनबीएत पहिल्या फेरीत निवड झाली तर दोन वर्षांच्या कराराची हमी असते, दुसऱ्या फेरीत तशी काहीच नसते. 2017 मध्ये अमृतपाल सिंग ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडे गेला, पुढे प्रिन्सपाल सिंग अमेरिकेत एनबीएच्या खालच्या पायरीवरच्या जी-लीगमध्ये पोहोचला. तिघेही पावणेसात फूट किंवा त्याहून उंच. जी-लीगचा पगार 2018-19 मध्ये हंगामाला 35,000 डॉलर होता, नंतर तो 40,000 च्या वर गेला. हंगाम पाच-सहा महिन्यांचा आणि करार टिकेलच असं नाही. भारतात 2015 ते 2017 दरम्यान यूबीए ही व्यावसायिक लीग चालली आणि बंद पडली. नंतर आयएनबीएल (इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग) आली, तिच्यात मुंबई टायटन्ससारखे संघ उतरले, पण काही आठवड्यांच्या लीगवर वर्षाचं घर चालत नाही. तिला जोडकमाई समजा.

आता खरा पेच. अमेरिकेत कॉलेजांमधल्या खेळांचे नियम ठरवणारी संघटना म्हणजे एनसीएए. तिच्या डिव्हिजन 1 या सर्वांत वरच्या गटासाठी 16 मुख्य विषय लागतात आणि त्यांत 4 पैकी किमान 2.3 ची सरासरी. हिशेब नववीपासून धरला जातो. ‘बारावीला बघू’ म्हणणारी घरं इथेच फसतात. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, परभाषा हे विषय चालतात, शारीरिक शिक्षण चालत नाही. कॉमर्सच्या मुलांनी बुककीपिंग आणि एसपीच्या भरवशावर राहू नये. एसएटी या प्रवेश परीक्षेची सक्ती जानेवारी 2023 मध्ये उठली, पण एखादं कॉलेज स्वतःच्या प्रवेशासाठी ती मागू शकतं.

वेळेचा हिशेब त्याहून कडक आहे. बारावीनंतर एक वर्षाची सवलत मिळते. त्यानंतरही तुम्ही संघटित स्पर्धा खेळत राहिलात तर अमेरिकेतल्या कॉलेजकडून खेळण्याची वर्षं कापली जाऊ लागतात. दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: इथल्या कॉलेजात ‘तोवर एफवायला नाव घालून ठेवू’ म्हणून पूर्णवेळ प्रवेश घेतला, की कॉलेजकडून खेळण्यासाठी मिळणाऱ्या पाच वर्षांचं घड्याळ त्याच दिवशी सुरू होतं. आणि ते थांबत नाही. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून प्रवेशाच्या वर्षीचे नियम एनसीएएच्याच संकेतस्थळावर वाचावेत.

‘शिष्यवृत्ती मिळाली’ हे वाक्य ऐकलं की आधी विचारा, किती? डिव्हिजन 1 ची पूर्ण शिष्यवृत्ती फी, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं उचलते. डिव्हिजन 2 मध्ये ती बहुधा वाटून दिली जाते, म्हणजे उरलेली रक्कम डॉलरमध्ये तुमच्या खिशातून. डिव्हिजन 3 मध्ये खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते. राहण्या-जेवण्याचा भाग परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत करपात्र धरला जातो आणि त्यावर साधारण 14 टक्के कपात होते. जाहिरातींतून खेळाडू कमावतात त्या बातम्यांनीही भुलू नका, एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर तशा कमाईला मोठी आडकाठी आहे. ‘जागा मिळवून देतो, शिष्यवृत्तीचे इतके टक्के द्या’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा, कारण अशा टक्केवारीने खेळाडूची पात्रताच धोक्यात येते.

स्पोर्ट्स कोट्यातून होणाऱ्या रेल्वे भरतीचं गणित वेगळं. वय 18 ते 25, सवलत नाही. 100 गुणांपैकी 40 ट्रायलचे, 50 कामगिरीचे, 10 शिक्षणाचे. ट्रायलमध्ये 25 च्या खाली आलात तर पुढचं काही मोजलंच जात नाही. वेतनाच्या लेव्हल 2-3 मधल्या पदांसाठी एक मार्ग असा, की सीनियर किंवा ज्युनियर नॅशनलमध्ये राज्याचा संघ पहिल्या आठांत यावा आणि त्यात तुम्ही असावं. सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतन लेव्हल 2 ला 19,900, लेव्हल 5 ला 29,200, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं. जागा मोजक्या निघतात आणि जाहिरातीत कधी कधी पोझिशनही लिहिलेली असते: ‘पॉइंट गार्ड’ (चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारा) हवा असेल तर तुमचा उत्तम सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) घरीच बसतो. राज्य सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून आधीच करून ठेवावी. जाहिरात आल्यावर धावपळ केली तर मुदत निघून जाते.

या दोन रस्त्यांमधला सांधा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. रेल्वे चालू आणि त्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांतलीच कामगिरी धरते. चार वर्षं अमेरिकेत काढून 22-23 व्या वर्षी परतलेल्या खेळाडूची ज्युनियर नॅशनलची प्रमाणपत्रं तोवर शिळी झालेली असतात. पंचविशी उलटण्याआधी त्याला राज्याकडून निदान एक सीनियर नॅशनल खेळावी लागते, आणि संघाची निवड चाचणी त्याच्या विमानाची वाट पाहत नाही. उलट्या दिशेने तर परतीची वाटच नाही म्हणा: नोकरीत रुजू होऊन पगारावर खेळायला लागल्यावर एनसीएएचं दार जवळजवळ लागलंच.

म्हणून नववी ते बारावीचे गुण सांभाळले, एक गॅप वर्ष नीट आखलं आणि त्या वर्षात कॉलेजात नाव घातलं नाही, तर दोन्ही दारं किलकिली राहतात. त्या वर्षाअखेरीस लेखी प्रस्ताव हातात नसेल तर इथल्या पदवीला प्रवेश घ्या आणि आंतरविद्यापीठ व सीनियर नॅशनलच्या मागे लागा.

मुलगी असेल तर आमचं झुकतं माप थोडं बदलतं. अमेरिकेतल्या सॅन डिएगो विद्यापीठातून खेळलेली हरसिमरन कौर, नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाची संजना रमेश ही उदाहरणं डिव्हिजन 1 चीच आहेत. आणि परतल्यावर रेल्वेचा महिला संघ हा देशातला सर्वांत दबदब्याचा संघ. भारताची कर्णधार राहिलेली पुण्याची शिरीन लिमये त्याच संघातून खेळली.

मुलांच्या बाबतीत उंचीचा भ्रम जास्त. आपल्याकडे 6 फूट 5 इंचाच्या पोराला सातवीपासून बास्केटखाली उभं करतात आणि तो रिंगकडे पाठ करून खेळायला शिकतो. अमेरिकेत ती उंची गार्डची, एनबीएची सरासरीच 6 फूट 6 इंच. डाव्या हाताने ड्रिबल, 6.75 मीटरवरून तीन गुणांचा फटका आणि स्वतःपेक्षा बुटक्या, चपळ खेळाडूचा बचाव हे जमत नसेल तर परदेशी प्रशिक्षक व्हिडिओ दुसऱ्या मिनिटाला बंद करतो. व्हिडिओ पाठवताना तीन-चार मिनिटांच्या निवडक चालींसोबत एक अख्खा सामना न कापता द्यावा, जर्सीचा रंग आणि नंबर पहिल्याच चौकटीत लिहावा. निवडक चालींत सगळेच हिरो दिसतात, परत बचावाला कोण धावतं ते अख्ख्या सामन्यातच कळतं.