दाबाचे मोजे (वर्ग दुसरा, गुडघ्यापर्यंत): सहा महिन्यांचा वापर आणि प्लेटलेट्सचा प्रश्न

सव्वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून शिकवताना माझ्या डाव्या पायाच्या शिरा फुगल्या, संध्याकाळी घोटा सुजू लागला आणि गेल्या वर्षी घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडली. डॉपलर तपासणीत, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह पाहणाऱ्या तपासणीत, शिरांच्या झडपा नीट मिटत नसल्याचे दिसले. शिरांचा विकार किती पुढे गेला आहे हे शून्य ते सहा अशा पायऱ्यांत सांगणाऱ्या सीईएपी वर्गीकरणात माझी पायरी चौथी ठरली, आणि शल्यचिकित्सकांनी दुसऱ्या वर्गाचे, म्हणजे घोट्यापाशी २३ ते ३२ मिलिमीटर पारा इतका दाब देणारे मोजे लिहून दिले.

पहिली जोडी वाया गेली. दुकानात चपलेचा नंबर विचारून ती हातात दिली गेली, आणि तिची वरची कड गुडघ्यामागे इतकी रुतली की तिथे वळ उठले. दुसऱ्या दुकानात सकाळी सूज चढण्यापूर्वी बोलावून घोट्याचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर आणि टाचेपासून गुडघ्याच्या वळीपर्यंतची लांबी टेपने मोजली. हे परीक्षण त्या मापाने घेतलेल्या जोडीचे आहे.

कापड दाट आहे, पण बोटांपाशी मोकळे असल्याने मे महिन्यातही पाय कोंडल्यासारखे वाटले नाहीत. मोजा टाचेपर्यंत उलटा करून, हातात रबरी मोजे घालून चढवला की पाच मिनिटे लागतात. पहिल्या आठवड्यात मात्र वीस लागत होती. पंधरा दिवसांत संध्याकाळचा जडपणा निम्म्याहून कमी झाला. उभ्या माणसाच्या पावलातील शिरेत ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो, चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात म्हणून तो उतरतो, आणि झडपा गळक्या असल्या की रक्त पुन्हा खाली येऊन तो उतरेनासा होतो. त्या पोटरीला बाहेरून आधार देण्याचे काम हा मोजा चोख करतो.

माझा आक्षेप आहे तो सोबतच्या पत्रकातील ‘प्लेटलेट्स शांत ठेवतो’ या वाक्याला. डेंग्यूच्या साथींमुळे आपल्याकडे प्लेटलेट्स म्हटले की दीड लाख ते साडेचार लाख हा आकडाच डोळ्यांपुढे येतो, पण इथे प्रश्न संख्येचा नसून त्या किती चेतलेल्या, म्हणजे गुठळी करायला किती सज्ज झालेल्या, आहेत याचा आहे, आणि नेहमीच्या रक्ततपासणीत ते कळत नाही. चेतलेली प्लेटलेट आपल्या पृष्ठभागावर पी-सिलेक्टिन नावाचे प्रथिन आणते आणि त्याच्या आधारे मोनोसाइट या पांढऱ्या पेशीला चिकटते. अमेरिकेतील संशोधकांनी १९९८ मध्ये शिरांच्या विकारामुळे पायावर व्रण झालेल्या रुग्णांत, आणि १९९९ मध्ये शिरांच्या जुनाट विकाराच्या रुग्णांत, अशा चिकटलेल्या जोड्या निरोगी माणसांपेक्षा जास्त असल्याचे दाखवले. त्याच गटाला २००२ मध्ये असेही आढळले की शस्त्रक्रियेने शिरेतील उलटा प्रवाह थांबवल्यानंतरही या जोड्यांचे प्रमाण वाढलेलेच राहिले. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण प्रवाह सुधारूनही जी गोष्ट खाली आली नाही, ती बाहेरून दाबल्याने शांत होते असे लिहायला स्वतंत्र पुरावा हवा, आणि पत्रकात तो दिलेला नाही. असे वाक्य वाचून एखाद्याने डॉक्टरांनी दिलेली रक्त पातळ करण्याची गोळी परस्पर बंद केली, तर त्याची किंमत मोठी असेल.

पायाच्या धमन्यांतील रक्तपुरवठा कमी असलेल्यांना हा दाब घातक ठरू शकतो, ही सूचना पत्रकात अगदी बारीक अक्षरांत आहे. मधुमेही वाचकांनी तरी घोट्याचा रक्तदाब मोजून घेतल्याशिवाय मोजे विकत घेऊ नयेत. रात्री ते काढून ठेवावेत, हाताने धुऊन सावलीत वाळवावेत.

सहा महिन्यांत माझ्या जोडीची पकड सैल झाली आहे, आणि ते अपेक्षितच होते. पुढची जोडी याच कंपनीची घेईन, पण पुन्हा सकाळी माप देऊन, कारण सूज उतरल्याने घोट्याचा घेर आता पाऊण सेंटिमीटरने कमी भरतो.