कपाटाचा कुबट वास: खायचा सोडा की व्हिनेगर?

दादरच्या आमच्या घरात आजीचं सागवानी कपाट आहे. जुलैत दार उघडलं की कुबट वास नाकात शिरतो, नऊवारीच्या घड्यांनाही लागतो.

वाटीभर खायचा सोडा खणात ठेवणं सोपं, लाकडालाही धोका नाही. पण तो वास तेवढा ओढतो. बुरशी तशीच राहते. व्हिनेगर मुळाशी जातं. त्यात निम्मं पाणी घालून, फडकं घट्ट पिळून कपाट आतून पुसायचं. भिंतीकडची मागची फळी दोनदा, कारण पांढुरकी बुरशी तिथेच धरते. मग पंखा लावून दारं सताड उघडी ठेवायची. आंबूस वास सुकल्यावर जातो. बाहेरच्या पॉलिशला मात्र ते लावू नका, चकाकी जाऊ शकते.

माझं मत व्हिनेगरला. सोडा त्यानंतर, पावसाळाभर. दोन्ही एकत्र कालवू नका, एकमेकांचा जोर मारतात.