प्रोफोटो आरजीबी, आठ महिन्यांनंतर: गॅमट उत्तम, १.८ चा गॅमा जपून

रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) उघडण्यापासून प्रिंटला पाठवेपर्यंतचं सगळं काम आठ महिने प्रोफोटोत, म्हणजे खूप मोठ्या गॅमटच्या (मावणाऱ्या रंगांच्या आवाक्याच्या) रंग-जागेत, १६ बिटमध्ये झालं. गॅमटबद्दल तक्रार नाही. एसआरजीबीत, म्हणजे वेब आणि साध्या स्क्रीनच्या नेहमीच्या रंग-जागेत, झेंडूचा केशरी सपाट होतो, पाकळ्या एकमेकींत मिसळतात. इथे तो तपशील शेवटपर्यंत हाताशी राहतो. डोकेदुखी आहे ती ट्रान्सफर फंक्शनची (प्रकाशाचं प्रमाण फाइलमधल्या आकड्यात बदलणारा वक्र; त्याचा घात म्हणजे गॅमा), आणि खापर मात्र बहुतेक वेळा गॅमटवर फुटतं.

१८ टक्के करडा, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला १८ टक्के परतवणारा, घ्या. आठ बिटच्या मोजणीत तो एसआरजीबीत ११८, अ‍ॅडोबी आरजीबीत ११७ आणि प्रोफोटोत ९८ येतो. पहिल्या दोघांचे वक्र साधारण २.२ च्या आसपास (एसआरजीबीचं सूत्र २.४ घाताचं, तळाशी सरळ रेषेचा तुकडा), प्रोफोटोचा १.८. त्यामुळे फाइलमधून प्रोफाइल (आकडे कोणत्या रंग-जागेतले हे सांगणारी नोंद) गळलं की समोरचं सॉफ्टवेअर ९८ ला एसआरजीबी समजतं आणि तोच करडा १२ टक्क्यांवर उतरतो, म्हणजे अर्ध्या स्टॉपहून थोडा जास्त काळोख (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). रंग फिके पडतात ते गॅमटमुळे, चित्र काळवंडतं ते वक्रामुळे. दोन्ही एकदम दिसलं तर कर्व्हज (उजेड बदलायचा आलेख) उघडून उजळवत बसू नका, प्रोफोटो प्रोफाइल ‘असाइन’ करा (आकडे तेच, फक्त नोंद लागते). इथे ‘कन्व्हर्ट’ केलंत (यात आकडेच बदलतात) तर चुकीचा अर्थ आकड्यांत कायमचा कोरला जाईल.

दुसरी अडचण मिसळण्याची. एकेका पिक्सेलची काळी-पांढरी चौकट निम्म्या आकारात आणून पाहा. प्रकाश निम्मा राहायचा तर करडा एसआरजीबीत १८८ आणि प्रोफोटोत सुमारे १७४ यायला हवा. वक्र लावलेल्या आकड्यांची सरासरी दोन्हीकडे १२८ देते. एसआरजीबीत ही चूक १.२ स्टॉपची, प्रोफोटोत ०.८ स्टॉपची. १.८ चा हा खरा फायदा, पण अर्धवट. लालावर हिरवा मऊ ब्रश फिरवल्यावर कडेला येणारी मळकट पट्टी इथेही येतेच. फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमधला ‘ब्लेंड आरजीबी कलर्स युझिंग गॅमा’ हा पर्याय १.०० वर ठेवला की ती जाते. हा पर्याय लेयर मिसळण्यापुरताच आहे, आकार बदलण्याला तो लागू नाही. गिम्प या दुसऱ्या फोटो-संपादकात २.१० पासून नॉर्मल मोड मुळातच लिनिअरमध्ये (वक्राशिवाय, प्रकाशाच्या सरळ प्रमाणात) मिसळतो.

मग सगळंच लिनिअरमध्ये का करू नये? करून पाहिलं, दोन ठिकाणी अडतं. कर्व्हज: १८ टक्के करडा आलेखाच्या डाव्या कडेला जातो, सावल्या मूठभर जागेत कोंबल्या जातात आणि माउस केसभर हलला तरी त्या उडी मारतात. शार्पनिंग: उजळ कडेलगतच्या गडद भागात काळी झालर उमटते, कारण तिथला प्रकाशातला किरकोळ फरकही डोळ्याला मोठा दिसतो. ही दोन कामं वक्र असलेल्या जागेतच करावीत. ब्लर, आकार बदलणं, एक्स्पोजर आणि लेयर मिसळणं लिनिअरमध्ये.

प्रायमरी (गॅमट ठरवणारे मूळ लाल, हिरवा, निळा) आणि वक्र या दोन वेगळ्या निवडी आहेत, हे डिस्प्ले पी३ या रंग-जागेकडे पाहून लगेच पटतं: गॅमट मोठा, वक्र एसआरजीबीचाच. डार्कटेबल हे रॉ उघडायचं सॉफ्टवेअरही आत रेक २०२० या रंग-जागेच्या प्रायमरी लिनिअर ठेवून वापरतं. आता व्यवस्था अशी आहे: डार्कटेबलमधून १६ बिट टिफ, लिनिअरमध्येच आकार लहान, मग डिस्प्ले पी३ किंवा एसआरजीबीत कन्व्हर्ट, मग शार्पनिंग, आणि आठ बिट सर्वांत शेवटी. प्रोफोटो फक्त मूळ टिफ साठवायला उरलं आहे.

आठ बिट प्रोफोटो जेपेग मात्र बनवूच नका. तेवढेच २५६ टप्पे कितीतरी मोठ्या गॅमटवर ताणले जातात आणि संध्याकाळच्या आकाशात पट्टे उमटतात. आठ बिट लिनिअर तर त्याहून वाईट: शून्यानंतरची पहिली पायरीच एसआरजीबीच्या १३ पर्यंतच्या सगळ्या सावल्या गिळते.