स्टेशनरी की स्टेशनरी?

इंग्रजी शब्दकोशात stationary आणि stationery हे दोघे जवळजवळ खेटून बसतात. देवनागरीत तर एकच होतात. फरक शेवटून तिसऱ्या अक्षराचा: 'ए' की 'ई'.

'ए'वाला म्हणजे जागचा न हलणारा. पावसात दादर-माटुंग्याच्या मध्ये खोळंबलेली लोकल आठवा, झालं.

'ई'वाला म्हणजे वह्या, पेनं, लिफाफे; क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटवर घाऊक मिळतो तो माल. गंमत म्हणजे मूळ एकच, लॅटिन. मध्ययुगीन युरोपात फिरत्या विक्रेत्यांची चलती. ठरलेल्या जागी दुकान मांडून पुस्तकं विकणारा तो 'स्टेशनर'. म्हणजे वही-पेनाचं नावही न हलण्यावरूनच पडलं!

स्पेलिंग अडलं की मी एन्व्हलपचा 'ई' आठवते. लोकलला आठवणीची गरज पडत नाही.