‘हेड काढलं’ म्हणून १८,५०० घेतले, बिघाड निघाला एका कॉइलचा

पेट्रोल गाडी मिसिंग करतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि मिस्त्री सिलिंडरमधला दाब मोजणारा कंप्रेशन गेज न लावताच ‘हेड’ (इंजिनाचा वरचा भाग) ‘काढावं लागंल’ म्हणतोय, तर गाडी त्याच्या ताब्यात देऊ नका. आमचे १८,५०० रुपये असेच गेले. लग्नसराईत सोलापूर-धुळे महामार्गावर बाहेरगावच्या कितीतरी जुन्या गाड्या धावतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी २०१३ ची, एक लिटरची, तीन सिलिंडरची. मे महिना, एसी चालू, सोबत आई, बहीण आणि दाजी. बीडहून निघून मांजरसुंब्याचा घाट चढताना गाडी धक्के द्यायला लागली, पिकअप गेला, चेक इंजिनचा दिवा लागला. पुढं रस्त्यालगत एक गॅरेज दिसलं. मिस्त्रीनं इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं आणि वाफ दाखवली. “बघा साहेब, कंप्रेशन खाली उतरलंय. गॅस्केट गेलंय, व्हॉल्व्ह जळालेत. अशीच नेली तर येरमाळ्याच्या आत बसंल.” (गॅस्केट म्हणजे हेडखालची सील करणारी पट्टी.) तापलेल्या इंजिनात झाकणातून थोडी वाफ आणि ऑइलचे शिंतोडे येतातच, धडधाकट इंजिनातही येतात. पण आईला ऊन सोसवत नव्हतं आणि त्या माणसानं नेमकं तेच हेरलं. गाडी तिथं सोडून आम्ही एसटीनं धाराशिवला आलो.

काम झाल्याचा फोन आला तेव्हा त्यानं आवर्जून सकाळी लवकर बोलावलं. गाडी छान चालली. पैसे फोनवरून दिले, बिल मागून घेतलं, तेही साध्या कागदावर. जुनं गॅस्केट मागितलं तर म्हणाला, “ते भंगारवाल्यानं नेलं.” ऊन चढलं तसं चौसाळ्याच्या पुढं गाडी परत तेच करू लागली. सकाळचा आग्रह का होता, ते इथं उलगडतं. खरा दोष कॉइलचा होता, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाचा. तिच्या आतलं इन्सुलेशन खराब झालं की ती थंड असताना ठिणगी नीट देते, तापली की देत नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चांगलीच चालणार.

माझा भाचा आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकलाय. घरी आल्यावर त्यानं गाडीतले दोषाचे कोड वाचणारा, ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर लावला. कोड आला पी ०३०२. यातला शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दोन नंबरचं सिलिंडर मिस करतंय. शेवटी शून्य असेल, म्हणजे पी ०३००, तर दोष एका ठरावीक सिलिंडरवर दाखवता येत नाही. आमच्या गाडीला प्रत्येक सिलिंडरवर वेगळी कॉइल आहे. इंजिन बंद करून, गार होऊ देऊन त्यानं १० नंबरच्या पान्यानं कॉइली सोडवल्या आणि एक नंबरची दोनवर, दोनची एकवर बसवली. कोड पुसला, गाडी गरम होईपर्यंत चालवली. आता कोड आला पी ०३०१. कॉइल जिकडं गेली, दोष तिकडं गेला. व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट गेलं असतं तर दोष दोन नंबरवरच राहिला असता. याला एक पैसा लागत नाही. कॉइलींची अदलाबदल करून दोष हलला नाही तर प्लगची अदलाबदल करायची, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर बघायचा, आणि तरीही तो जागचा हलेना तेव्हाच कंप्रेशन. एवढी काळजी घ्या की इंजिन चालू असताना कॉइलला हात लावायचा नाही, तिथं हजारो व्होल्ट असतात. आणि मिसिंगची गाडी दूरवर दामटायची नाही, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि खराब होतो.

कॉइल बदलली, दोन हजारांच्या आत काम झालं. मग भाच्यानं टॉर्च घेऊन इंजिन न्याहाळलं. “मामा, हेड उघडलेलंच न्हाई.” हेड काढायचं तर कूलंट सांडावंच लागतं, टाकीत तेच गढूळ, जुनं पाणी. वरचं कव्हर आणि टायमिंग चेनचं कव्हर काढावं लागतं. तिथल्या बोल्टांवर वर्षानुवर्षांची धूळ तशीच, पान्याचा एक ओरखडा नाही, नव्या सीलंटचा मागमूस नाही. प्लग तेवढे पुसलेले होते.

मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा येतो. चुकीचं निदान कुणाचंही होऊ शकतं, पण न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही चोरी आहे, आणि तीही उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या बाईकडं बघून केलेली.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार दिली आहे. बिलावर ‘हेड गॅस्केट बदलले’ असं त्याच्याच अक्षरात आहे. तो कागद, पैसे दिल्याची नोंद आणि बोल्टांचे, कूलंटच्या टाकीचे फोटो घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं अर्जाला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. असंच कुणाचं झालं असेल तर कव्हर उघडण्याआधी, धूळ पुसण्याआधी फोटो काढून ठेवा.